वळायचा आकडा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. त्या मे महिन्यातल्या दुपारी नागपूरला न उतरता विमान हैदराबादला वळवायचं मी ठरवलं नव्हतं. ते माझ्या शेजारी बसलेल्या को-पायलट मुलीनं ठरवलं. त्याबद्दल दारव्ह्यात सत्कार माझा झाला. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याविषयी तीन वाक्यं लिहून कंपनीला पाठवली, आणि त्या तीन वाक्यांमुळे ती अजून कॅप्टन झालेली नाही.

एवढं लिहून मी उठलो, चहा केला, परत येऊन वाचलं. यात काही चुकीचं नाही. आता पुढचं सांगता येईल.

मी दारव्ह्याजवळच्या एका बंजारा तांड्यावरचा. वय एकावन्न. बावीस वर्षं प्रवासी विमान चालवतो, त्यातली तेरा कॅप्टन म्हणून. आमच्या भागातला पहिला पायलट, असं माझ्याबद्दल बोललं जायचं. ते खरं की खोटं कोणी तपासलं नाही, मीही नाही. सुट्टीत घरी आलो की लोक पोरांना घेऊन यायचे, डोक्यावर हात ठेवा म्हणायचे. मला संकोच वाटायचा असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे एखाद्या सुट्टीत कोणी आलं नाही, तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

पहिला असण्याची अशी सवय लागते. ती लागली आहे हे मला कळलं ते दुसरी आली तेव्हा.

मुंबईला, उड्डाणाआधी आम्ही कागदपत्रं बघतो त्या खोलीत, ती पहिल्यांदा भेटली. सात-आठ जण उभे होते. ती सरळ माझ्याकडे आली आणि मोठ्यानं म्हणाली, "सर, तुम्ही दारव्ह्याचे ना? मी मारेगावची. मले कालच कळलं, तवापासून सगळ्याइले सांगून राह्यली."

मी इंग्रजीत म्हणालो, आधी हवामान बघून घेऊ.

विमान चालवणं शिकायला गेलो तेव्हा माझ्या तोंडून एकदा 'मले' निघालं होतं, आणि पुढची दोन वर्षं तेच माझं टोपणनाव झालं होतं. मी ते जिभेवरून घासून काढलं. आता ही पोरगी तेच सगळ्यांसमोर बोलत होती, लोक हसत होते, पण तिच्यासोबत हसत होते. मला राग आला. त्या रागाला दुसरं नाव आहे हे कबूल करायला मला फार दिवस लागले.

तिचं घर बौद्ध. आजोबांनी सालदारकी, म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर वर्षाच्या बोलीनं राबणं, सोडून मुलाला जीप चालवायला शिकवलं, आणि तो मुलगा, म्हणजे तिचे वडील, मारेगाव ते वणी अशी सवारी जीप चालवतात. हे सगळं तिनं पहिल्याच तासात, जमिनीपासून छत्तीस हजार फुटांवर, मी न विचारता सांगितलं. माझ्यासोबत पाच-पाच वर्षं उडालेल्यांना माझे वडील काय करायचे हे माहीत नव्हतं.

आता इंधनाचं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. लोकांना वाटतं विमान टाकी भरून निघतं. तसं नसतं. जितकं वजन जास्त, तितकं जास्त जळतं. नेलेल्या जादा इंधनातलं काही ते नेण्यातच खर्च होतं. म्हणून हिशेबानं घेतात. जायला लागेल तेवढं, वर थोडं चुकीपुरतं, तिथं उतरता आलं नाही तर जवळच्या दुसऱ्या विमानतळापर्यंत जायचं, आणि सगळ्यात शेवटी अर्धा तास हवेत राहता येईल एवढं. त्या शेवटच्या अर्ध्या तासाला हात लावायचा नसतो. कंपनीचा माणूस हा आकडा काढून देतो. त्याच्यावर आणखी घ्यायचं का, हे कॅप्टन ठरवतो. त्यासाठी कॅप्टनची सही असते.

नियमानं कोणी अडवत नाही. पण दर महिन्याला कंपनीत एक तक्ता निघतो, कोणत्या कॅप्टननं किती जादा इंधन घेतलं त्याचा. तो कोणी भिंतीवर लावत नाही, कोणी काही बोलतही नाही. फक्त सगळे तो बघतात. माझं नाव त्यात कायम खालच्या बाजूला असायचं, कमी घेणाऱ्यांत. मला त्याचा अभिमान होता. हवामान वाचता येतं म्हणून कमी लागतं, असं मी म्हणायचो.

ती मात्र मागायची. ढग असले की न लाजता म्हणायची, सर, थोडं घेऊन घेऊ. मी विचारायचो, भीती वाटते का? ती म्हणायची, हो. कॉकपिटमध्ये इतकं सरळ 'हो' मी ऐकलं नव्हतं.

तिची आणखी एक पद्धत होती. निघण्याआधी ती एका छोट्या कागदावर पेन्सिलीनं एकच आकडा लिहायची आणि समोर खोचून ठेवायची. टाकीत इतकं उरलं की वळायचं, मग समोर काहीही दिसो. असे आकडे आम्ही सगळेच काढतो. पण बहुतेकांचा मनात असतो, आणि मनातला आकडा हलतो. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, बाबांचं आहे हे. पावसाळ्यात नाल्याच्या पुलावरून पाणी जातं, तर जीप कुठून उलटी फिरवायची ते ते घरूनच ठरवून निघतात. पुलापाशी गेल्यावर समोरच्याची गाडी निघालेली दिसते, मागचे पॅसेंजर घाई करतात, आणि माणसाची बुद्धी फिरते.

माझे पणजोबा लदेणीचे नायक होते, म्हणजे धान्य-मीठ लादून चालणाऱ्या शेकडो बैलांच्या तांड्याचे पुढारी. आजच्या मुक्कामाला पाणी आटलेलं निघालं तर कुठे वळायचं, हे नायक सकाळीच ठरवायचा. ही गोष्ट मी कंपनीच्या मुलाखतीत सांगितली होती, शाळांमधल्या भाषणांत सांगितली होती. आमच्या रक्तातच आहे, असं म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. मी गोष्ट सांगत होतो, आणि ती पोरगी ते रोज करत होती. हे ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी मी तिला एका साध्या चुकीवरून सगळ्यांसमोर बोललो. ती म्हणाली, सॉरी सर.

त्या दिवशी मुंबई–नागपूर होतं. दुपारी निघून संध्याकाळच्या आत पोचायचं. मे महिना, नागपूरकडे वादळाची शक्यता दिली होती. कंपनीनं पर्यायी विमानतळ म्हणून रायपूर धरलं होतं, कारण ते जवळ. तिनं उपग्रहाचं चित्र मोठं करून बघितलं आणि म्हणाली, वादळांची रांग पार रायपूरपर्यंत बनतेय. नागपूर बंद झालं तर रायपूरही होईल. हैदराबादला पोचता येईल एवढं घ्यावं, आणि वर अर्धा तास. साधारण अठराशे किलो जास्त.

तिचं बरोबर होतं. ती बोलत असतानाच मला ते कळलं होतं. मी सहाशे घेतलं. त्या महिन्यात तक्त्यात माझं नाव अगदी शेवटी यायची शक्यता होती, हे एक. आणि ते तिला आधी दिसलं, मला नाही, हे दुसरं.

ती वाद घालत बसली नाही. "चालते सर," म्हणाली. मग बराच वेळ आकडेमोड करून कागदावर लिहिलं: ३१००. "एवढ्याच्या वर असलो तं हैदराबाद भेटते. खाली गेलो का मंग नागपूर नाही तं रायपूर."

"ठीक," मी म्हणालो. म्हणजे ठरलं होतं. माझ्या तोंडानं ठरलं होतं.

नागपूरच्या अलीकडे आम्हाला घिरट्या घालायला सांगितलं. योगायोगानं आमच्याच जिल्ह्यावर. डावीकडे खाली बेंबळा धरणाचं पाणी दिसत होतं, आजूबाजूला उन्हाळ्यातली रिकामी काळी शेतं. समोर रडारवर नागपूरच्या पश्चिमेला लाल पट्टा, मध्ये जांभळा. जांभळ्यात कोणी जात नाही. पट्टा धावपट्टीपासून अजून थोडा लांब होता. विमान माझ्या हातात होतं, रेडिओवर ती बोलत होती. विमानात यवतमाळचे एक मोठे वकील होते. चढताना दाराशी भेटले होते, आज घरच्या गाडीनं चाललो म्हणाले होते.

तेवढ्यात आमच्या पुढचं, दुसऱ्या कंपनीचं विमान नागपूरला उतरलं. ते आम्ही रेडिओवर ऐकलं. तो उतरला, आणि मला वाटलं, मीही उतरेन. खरं लिहायचं तर तेवढंच वाटलं नाही. वळलो तर तिचं हैदराबाद खरं ठरेल, असंही वाटलं.

"सर, आकडा आला," ती म्हणाली.

मी म्हणालो, एक चक्कर आणखी. पट्टा सरकतोय, मध्ये फट मिळेल.

"सर, आपण ठरवलं होतं."

मी रडारवर फट शोधत राहिलो. समोरचा कागद तिनं काढून माझ्या बाजूला ठेवला नाही, आवाज चढवला नाही. चार-पाच सेकंद गेले असतील. मग ती म्हणाली, "पुलापाशी जाऊन पाह्यन्यात काही नाही सर. मी मागू का हैदराबाद?"

मी तेव्हाही गप्प होतो. माझं गप्प राहणं तिनं होकार धरलं आणि रेडिओवर हैदराबाद मागितलं. परवानगी आली. मग माझ्या हातानं विमान दक्षिणेला वळलं. हात माझा होता, एवढंच.

दहा मिनिटांत नागपूरला गारा सुरू झाल्या आणि धावपट्टी बंद झाली. अर्ध्या-पाऊण तासानं त्याच रांगेतलं पुढचं वादळ रायपूरवर आलं. मी ती आणखी एक चक्कर मारली असती तर हैदराबाद हातातून गेलं असतं, आणि आम्ही तशाच वादळात रायपूरला पोचलो असतो. अपघातच झाला असता असं मी म्हणत नाही. आमच्या कामात असं कोणी म्हणत नाही. पण त्या शेवटच्या अर्ध्या तासाला हात लागला असता. बावीस वर्षांत मी तो लावलेला नाही.

हैदराबादला उतरल्यावर लोक चिडलेले होते. वकीलसाहेब सगळ्यात जास्त. नागपूरच्या गारांचे व्हिडिओ मोबाइलवर आले तसे कॉकपिटच्या दाराशी येऊन त्यांनी माझे दोन्ही हात धरले. ती माझ्या मागे उभी राहून कागद आवरत होती. त्यांना ती दिसली असावी, कारण त्यांनी तिच्याकडे पाण्याची बाटली मागितली.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. अहवालात मी लिहिलं, कॅप्टननं योग्य वेळी वळण्याचा निर्णय घेतला. असे अहवाल असेच लिहितात, कॅप्टननं केलं म्हणून, मग कोणीही केलेलं असो. त्या प्रथेआड मी उभा राहिलो.

पुढच्या महिन्यात सत्कार झाला. दारव्ह्यात, एका मंगल कार्यालयात, बाजाराच्या दिवशी, म्हणजे खेड्यांवरची माणसं येतील. शाल, श्रीफळ, माझा मोठा फोटो. वकीलसाहेब बोलले की लदेणीच्या नायकाचं रक्त आहे, पाणी कुठे आहे ते याला आधी कळतं. ही गोष्ट त्यांना मीच कधीतरी सांगितली होती. माझी याडी, म्हणजे आई, पहिल्या रांगेत बसली होती. घरी निघताना तिनं आमच्या बोलीत विचारलं, तिथं पुढे तू एकटाच असतोस का? मी म्हणालो, एक मुलगी होती. याडी म्हणाली, बरं झालं, सोबत होती.

पण त्याआधी, फोटो काढणं चाललं होतं तेव्हा, एक ठेंगणा माणूस गर्दीतून पुढे आला. पांढरा शर्ट, बोटात जीपच्या किल्लीची रिंग.

"साहेब, मी मारेगावचा. माही पोरगी तुमच्यासंग असते."

त्यांनी त्या दिवशीच्या सवाऱ्या सोडल्या होत्या. शंभरेक किलोमीटर रिकामी जीप घेऊन आले होते, कोणी बोलावलेलं नसताना, फक्त मला बघायला. माझ्या पाया पडायला वाकले, मी धरलं. त्यांचं वय माझ्याहून जास्त असेल.

"पोरगी सांगत होती," ते म्हणाले, "सरनं बराबर टायमावर वळवलं. दुसरा कोणी असता तं अजून एक चक्कर मारला असता म्हने."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यात काहीच नव्हतं, टोमणा नव्हता. मुलीनं घरी जसं सांगितलं तसं ते मला सांगत होते. एक चक्कर मारणारा दुसरा कोण, हे जगात फक्त तिला आणि मला माहीत होतं. आणि तिनं ते स्वतःच्या बापालाही सांगितलं नव्हतं.

"साहेब, तिचं कॅप्टनचं कवा होईन? आमाले त्यातलं काही समजत नाही. घरी सारे इचारते."

"होईन," मी म्हणालो. "घाई कायले करता?"

कित्येक वर्षांनी माझ्या तोंडून ती बोली निघाली, आणि ती अशा वाक्यात निघाली.

"नाही नाही, घाई नाही," ते हसले. "मी आपला जीपवाला. रस्ता किती उरला तेवढं सांगा, मंग बसून राहता येते."

त्या वेळी माझ्या बॅगेत एक फॉर्म होता. को-पायलटला कॅप्टन करायचं की नाही, हे कंपनीचं एक मंडळ ठरवतं. त्याआधी त्यांच्यासोबत उडालेल्या कॅप्टनांकडून मत मागवतात. मत देणाऱ्याचं नाव उमेदवाराला कळत नाही. तिच्याविषयीचा फॉर्म आठवड्यापासून माझ्याकडे पडून होता.

खरं तर तिच्या वडिलांना भेटल्यावर माझं मन फिरायला हवं होतं. लोक म्हणतील, कोणाचंही फिरलं असतं. माझं उलट झालं. तिनं ते श्रेय मला देऊन टाकलं होतं, आणि देताना तिचं काही कमी झालं नव्हतं, हे मला सहन झालं नाही. मला कोणी लुबाडलं असतं तर मी समजू शकलो असतो. माझ्याजवळ जे नाही ते तिच्याजवळ इतकं होतं की ती ते वाटत सुटली होती. मी रात्रभर नीट झोपलो. हेही सांगून टाकतो, कारण अशा गोष्टींत माणसाला झोप लागत नाही असं लिहायची पद्धत आहे. सकाळी तांड्यावरच्या घरात, याडी अंगणात भाकरी करत असताना, मी लॅपटॉप उघडून तीन वाक्यं लिहिली. कौशल्य चांगलं आहे, पण निर्णयात घाई करते. कॅप्टनचा शब्द होण्याआधी बोलते. पूर्ण जबाबदारी देण्याआधी आणखी काळ जावा.

यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर खोटं ठरत नाही. त्या दिवशी ती माझा शब्द होण्याआधी बोलली होती. म्हणून तर आम्ही हैदराबादला पोचलो.

मंडळानं तिला पुढे ढकललं. तिच्यानंतर आलेले दोघे तिच्याआधी कॅप्टन झाले. आमच्याकडे ज्येष्ठता ही कॅप्टन झालेल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे हे मागे पडणं निवृत्तीपर्यंत सोबत राहतं. त्यानंतर सातेक महिन्यांनी मी पुन्हा तिच्यासोबत उडालो. मी मुद्दाम विचारलं, आकडा काढला का? म्हणाली, काढला सर. आणि कागद दाखवला. वर गेल्यावर, विचारल्याशिवाय, तिनं सांगितलं की मंडळानं थांबवलं.

"घाई करते म्हने. कोनाच्या तरी फॉर्ममधी आलं." बोलता बोलता तिनं इंधनाची नोंद केली. "मी इचार करून करून थकली सर, कवा घाई केली मी. तुमच्या लक्षात येते का काही? तुम्ही सांगा, मी सुधारून घेईन."

मी म्हणालो, असं काही आठवत नाही.

परत निघण्याआधी वाटेवर ढग दिसत होते. तिनं नेहमीसारखं जादा इंधन मागितलं नाही. मी वाट पाहिली, तिनं मागितलंच नाही. शेवटी मीच घेतलं. ती म्हणाली, बरं झालं सर, मी म्हणणारच होती, पण म्हटलं पुन्हा घाई होईन.

तेव्हापासून मला चैन नाही, असं म्हणायचा मोह होतो. तसंही नाही. मत्सर अजून आहे. परवा मारेगावच्या एका शाळेत तिला बोलावल्याचं कळलं, पोरांसमोर बोलायला. मला बोलावलं नव्हतं, आणि सकाळचा पहिला विचार तोच होता. पण त्याखाली दुसरीही एक गोष्ट आता असते. जी पोरगी भीतीला 'हो' म्हणत होती, तिला मी गप्प राहायला शिकवलं. एखाद्या दिवशी, दुसऱ्या कोणाच्या शेजारी बसलेली असताना, आकडा येईल आणि ती माझ्या त्या तीन वाक्यांमुळे चार-पाच सेकंद जास्त थांबेल. तिच्यामागे दीडशे माणसं बसलेली असतील.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा मंडळासमोर बसणार आहे. फाईल तीच, माझी वाक्यं तशीच आत आहेत. ती वाक्यं परत घेणारं पत्र, त्या दिवशी हैदराबाद कोणी मागितलं आणि आणखी एक चक्कर कोणाला मारायची होती हे नाव घालून सांगणारं, माझ्या सहीचं, मला त्या तारखेआधी कंपनीला द्यायचं आहे. नंतर मारेगावला जाऊन तिच्या समोर आणि तिच्या वडिलांसमोर तेच तोंडानं सांगायचं आहे. तिची गेलेली ज्येष्ठता मला परत देता येणार नाही. पत्र लिहून झालेलं आहे. अजून पाठवलेलं नाही.